रागावावें आणि क्षमाही मागावी

क्रोध हा सर्वदा दोषच होय काय? जो शांत राहतो त्यास आपण सज्जन म्हणतों, व जो रागावतो त्यास उतावळा म्हणतों. पुष्कळ वेळां हा निवाडा खराही असतो; कारण मनुष्य बहुधा स्वतःच्या मानासाठींच रागावतो. परंतु दुसऱ्याचा जीव जात असतां जो स्वस्थ बसतो, त्याच्या शांतीस सद्गुण म्हणावें कीं निष्काळजीपणा? ह्या प्रश्नाचा विचार करितांना सॅम्युएल प्लिम्सॉल ह्या इंग्रज गृहस्थांचें चरित्र फार उपयोगी पडतें.

ह्यांचा जन्म १८२४ सालीं ब्रिस्टल शहरीं झाला. तरुणपणीं लंडनांत त्यांनीं दगडी कोळशाचा व्यापार आरंभिला. तो बुडाला, आणि कांहीं काळ त्यांस अगदीं गरीब लोकांच्या बिऱ्हाडांत दिवस काढावे लागले. तेथें गरिबांनीं गरिबांस दिलेला आधार त्यांनीं पाहिला, व तो ते विसरले नाहींत. पुढें त्यांचा जम बसला, आणि १८६८ सालीं डर्बी शहरातर्फे ते पार्लमेंटाचे सभासद झाले.

त्या काळीं कित्येक जहाजें प्रमाणाबाहेर माल भरून समुद्रांत जात. कांहीं तर जुनीं व कुजकीं असत. पण त्यांचा विमा मात्र भारी रकमेचा उतरलेला असे. जहाज बुडालें तरी मालकाचें फारसें नुकसान होत नसे. खलाशाची बायको मात्र विधवा होई. लोक अशा जहाजांस शवपेट्या म्हणत. करार करून मग जाण्यास नकार देणाऱ्या खलाशास तुरुंगही भोगावा लागे.

हें पाहून प्लिम्सॉल एकदम गर्जूं लागले नाहींत. त्यांनीं माहिती गोळा केली, आणि १८७३ सालीं 'आमचे खलाशी' ह्या अर्थाच्या नांवाचें पुस्तक छापिलें. त्याच सालीं चौकशी करण्यास कमिशन नेमिलें गेलें. १८७५ सालीं सरकारनें कायद्याचा मसुदाही मांडिला. परंतु २२ जुलै रोजीं मुख्य प्रधान डिझरायली ह्यांनीं तो मागें ठेवण्याचें जाहीर केलें. तेव्हां प्लिम्सॉल ह्यांचा धीर सुटला. खलाशांस मृत्यूच्या मुखीं लोटणाऱ्यांस त्यांनीं भर सभेंत दुष्ट म्हटलें व मूठ उगारली. अध्यक्षांनीं शब्द परत घेण्यास सांगितलें, तरी त्यांनीं ऐकिलें नाहीं.

एका आठवड्यानें ते सभागृहांत आले व त्यांनीं क्षमा मागितली. पण कशाची? सभेचा नियम मोडिल्याची व कठोर शब्दांची. सांगितलेल्या हकीकतींतील एकही गोष्ट त्यांनीं मागें घेतली नाहीं. आपण बहुधा ह्याच्या उलट वागतों. एक तर अहंकारानें क्षमाच मागत नाहीं, किंवा भीतीनें क्षमा मागतांना सत्यही टाकून देतों.

कोणी विचारील, "रागानें काम झालें, तर क्षमा कशास?" काम झालें हें खरें. देशभर लोकमत खवळलें व त्याच बैठकींत तात्पुरता कायदा करावा लागला. तथापि सभेचा नियम दुबळ्याचें म्हणणें ऐकिलें जावें ह्यासाठींच असतो. दुबळ्याच्या कैवाऱ्यानें तो मोडून कसें चालेल?

शिवाय रागानें सर्व काम झालें असेंही नाहीं. १८७६ च्या कायद्यानें जहाजाच्या बाजूवर भाराची खूण करणें आवश्यक झालें, परंतु ती कोठें करावी हें मालकाच्याच मर्जीवर राहिलें! ती जागा ठरविण्याचा अधिकार मालकांच्या हातून गेला तो १८९० सालीं. मधलीं चौदा वर्षें रागाचीं नव्हेत, चिकाटीचीं होतीं. प्लिम्सॉल ह्यांनीं १८८० सालीं पार्लमेंटांतील जागा सोडिली होती, पण खलाशांचा कैवार सोडिला नाहीं. १८९८ सालीं ते वारले. मुंबई बंदरांत मालाच्या जहाजाच्या बाजूवर वर्तुळ व त्यांतून गेलेली आडवी रेघ दिसते, ती त्यांचीच आठवण होय.

तेव्हां क्रोध आला असतां मनास तीन प्रश्न विचारावे. हा कोणासाठीं आहे? बोलण्यापूर्वीं मीं खरें काय तें शोधिलें काय? आणि राग ओसरल्यावरही मी त्या कामास लागून राहीन काय? तिहींचें उत्तर नीट मिळालें, तर तो क्रोध प्रीतीचाच एक प्रकार समजावा. तरीही त्या भरांत जीभ घसरली, तर क्षमा मागण्यास लाजूं नये.