दोन दिनार आणि रात्रपाळी



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. १८२० साली त्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. त्या दिवशी दवाखान्यांतून मेणबत्त्या पेटतात, शपथ घेतली जाते, गुलाबाची फुले वाटली जातात आणि कोणीतरी पाहुणे येऊन ‘नर्स म्हणजे साक्षात ममतेची मूर्ती’ असे भाषण करून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मूर्तीवर ‘सलाईन संपत आली, दिसत नाही का?’ म्हणून कोणीतरी खेकसलेले असते. आपल्या धर्मग्रामातल्या अनेक घरांतून एखादी मुलगी, सून किंवा आई या व्यवसायात आहे. म्हणून आज त्यांच्याविषयी, आणि त्यांच्यापेक्षाही आपल्या घरांविषयी, थोडे बोलायचे आहे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. आपले सगळे लक्ष अर्थातच शोमरोन्याकडे असते. पण गोष्ट सावकाश वाचून पाहा. तो जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालतो, पट्टी बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत आणतो, एक रात्र त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून जातो. पुढचे दिवस कोणी काढले? पट्टी कोणी बदलली? मध्यरात्री ‘पाणी’ अशी हाक आली तेव्हा कोण उठले? उतारशाळेचा रखवालदार. त्याला नाव नाही. अख्ख्या दाखल्यात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. संत ऑगस्टीनसारख्या आचार्यांनी उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा असा अर्थ लावला आहे. तो फार सुंदर आहे, मला मान्य आहे. पण त्याआधी तो रखवालदार म्हणजे रात्रपाळीवरचा माणूस आहे, हे विसरू नये.

आणि त्याला पैसे मिळाले, हे प्रभू येशूने मुद्दाम सांगितले आहे. दोन दिनार! द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे की एक दिनार म्हणजे दिवसभराची मजुरी. शोमरोनी दोन दिवसांची मजुरी आधीच हातावर ठेवतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरून देण्याचा शब्द देतो. ‘तुला पुण्य लागेल’ असे म्हणून तो हात झटकत नाही. पैसे घेतल्यामुळे रखवालदाराचे काम कमी पवित्र झाले, असेही प्रभू कुठे सुचवत नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. ‘सेवा’ हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. शिक्षकाला पगार, इंजिनिअरला पॅकेज आणि नर्सला मात्र सेवेचे समाधान! तीन वर्षांचे जी.एन.एम. किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करून, त्यासाठी बापाने शेतावर कर्ज काढून, मुलगी एखाद्या खाजगी दवाखान्यात बारा-बारा तास उभी राहते आणि तिच्या हाती जे पडते ते तिने मला सांगितले तर मी काय उत्तर द्यावे? २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील सरकारी दवाखान्यांच्या परिचारिकांनी कंत्राटी भरतीच्या विरोधात काम बंद ठेवले, तेव्हा ‘देवदूतांनी संप करावा का?’ असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. देवदूतांना घरभाडे नसते, मुलांच्या शाळेची फी नसते, नर्सेसना असते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये सांगितले की काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो. आपल्या ख्रिस्ती संस्थांनाही हे लागू आहे, हे मी दबल्या आवाजात का होईना, पण म्हणतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक विचारवंताशी माझी ओळख झाली. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसमध्ये काम करीत. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची चौकशी करायला आई-बाप, बायका येत आणि मार्सेल यांच्यासमोर असे त्या सैनिकाचे एक कार्ड. त्या कार्डामागे कोणाचा तरी मुलगा आहे, हे त्यांना दररोज नव्याने जाणवत गेले. माणसाला केवळ त्याच्या कामापुरते ओळखणाऱ्या जगाविषयी त्यांनी पुढे पुष्कळ लिहिले. वॉर्डात आपण नर्सला ‘सिस्टर’ म्हणतो. शब्द मोठा आहे. रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींकडून तो आला. पण आठ दिवस आपल्या आईचा बेडपॅन उचलणाऱ्या सिस्टरचे नाव आपल्याला ठाऊक असते का? डॉक्टरचे नाव, त्यांच्या पदव्या, त्यांचे गाव, सारे आपल्याला पाठ असते.

एके काळी या कामाला आपल्या देशात प्रतिष्ठा नव्हती. परक्याचे रक्त, मलमूत्र, विटाळ, शिवाय रात्री घराबाहेर राहणे. बऱ्या घरची मुलगी हे करत नाही, असा समज होता. म्हणून बराच काळ हे काम मुख्यत्वे ख्रिस्ती मुलींनीच केले. १९४६ साली भोर समितीने देशाची आरोग्यस्थिती मांडली, तेव्हा साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर ४३,००० लोकांमागे एक नर्स. आपल्या वाशिमलाही या इतिहासात मानाचे पान आहे. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाई १९३६ साली भारतात आल्या आणि १९३८ साली मिशनच्या शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखाना उभा केला. तेच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. पुढे तिथे नर्सिंगचे शिक्षणही सुरू झाले. ते मिशन आपल्या कॅथलिक मंडळीचे नव्हे. पण बाळंतपणात अडलेल्या बाईला पंथ विचारायला वेळ नसतो, आणि ऋण मान्य करायलाही पंथ आड येऊ नये.

तेव्हा समुद्र ओलांडून परिचारिका आपल्याकडे येत होत्या. आता आपल्या मुली समुद्र ओलांडून निघाल्या आहेत. यावरून काही घरांत सध्या बरीच खडाजंगी चालू आहे, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने बोलतो.

पवित्र मारियेने अलिशिबेला दिलेली भेट आठवा (लूक १:३९-५६). आपण ती जपमाळेत आनंदाचे दुसरे रहस्य म्हणून म्हणतो. नाझरेथपासून यहूदियाच्या डोंगराळ प्रदेशापर्यंतची ती वाट म्हणजे जवळजवळ वाशिमहून कारंज्यामार्गे अमरावतीला चालत जाणे. कोवळी मुलगी, नुकतेच वाङ्निश्चय झालेले, आणि ती ‘घाईने’ निघाली असे संत लूक लिहितो. उतारवयात गरोदर राहिलेल्या नातलगाकडे ती सुमारे तीन महिने राहिली. तिथे तिने काय केले हे शुभवर्तमान सांगत नाही, पण ज्या घरात पोटुशी बाई आहे त्या घरातल्या कोणालाही ते सांगावे लागणार नाही. नाझरेथच्या शेजारणींनी त्या तीन महिन्यांत काय कुजबुज केली असेल, तेही सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे मुलगी पुण्या-मुंबईला नोकरीला निघाली की पहिला प्रश्न लग्नाचा येतो. ‘रात्रपाळी आहे का?’ असे स्थळ बघायला आलेले लोक विचारतात आणि आई-वडील खाली मान घालतात. का घालता? अपघातात तुमचा मुलगा रात्री दोन वाजता दवाखान्यात नेला तर तिथे दिवसपाळीच्या बायका कुठून येणार?

परदेशाचे म्हणाल, तर संधी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सिंगचाही समावेश आहे. पण त्यासाठी जर्मन भाषा चांगली यावी लागते. ‘महिन्याभरात भाषा शिकवतो, मूळ कागदपत्रे आमच्याकडे ठेवा’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठून यावे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर, एवढेच घेता येते. दोन-दोन, तीन-तीन लाख मोजणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा. शंका असेल तर पैसे देण्याआधी माझ्याकडे या. नंतर आलात तर मी फक्त प्रार्थना करू शकतो.

आणि मुलगी एकदा गेली की तिला एटीएम समजू नका. घराचा स्लॅब तिच्या पैशांतून, भावाची मोटारसायकल तिच्या पैशांतून, आणि दोन वर्षांनी ती सुट्टीवर आली तर? पहिल्याच संध्याकाळी अर्धी गल्ली बी.पी. तपासायला दारात! आल्यावर चार दिवस वेलंकणीला किंवा कुठे थंड हवेच्या ठिकाणी जाऊ म्हणाली, की ‘पैसे उडवायची सवय लागली’ म्हणायचे. दुसऱ्यांचे अंथरूण नीट करण्यात जिचे वर्ष गेले, तिने आठ दिवस बसच्या खिडकीतून डोंगर पाहिले तर काय बिघडले? प्रभूनेही दमून आलेल्या शिष्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलेच होते (मार्क ६:३१).

सगळ्याच जणी दूर जात नाहीत. आपल्या जिल्ह्यात उपकेंद्रावर काम करणाऱ्या नर्सबाई आहेत. नियमाने सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. लसीची थंड पेटी खांद्याला लावून त्या तांड्यावर, वस्तीवर जातात. सोयाबीनच्या हंगामात आई शेतात असते, बाळ म्हाताऱ्या आजीजवळ, आणि आजी म्हणते, ‘सुई नको.’ मग तासभर समजूत घालायची. ही त्यांची प्रवासाची संधी! २०२० च्या कोरोनाकाळात याच बायका दारोदार फिरल्या, आणि घरी परतल्यावर अंगणातच आंघोळ करून आपल्याच लेकरांपासून दूर झोपल्या.

कृतज्ञता म्हणजे काय, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांकडून शिकावे. त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी ती वारली. मधली जवळजवळ ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांनी, एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवत, तिला भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. तिच्या दयामरणाची विनंती सर्वोच्च न्यायालयात आली तेव्हा ‘ती आमची आहे, तिला आम्ही सांभाळू’ अशी त्यांची भूमिका होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या सेवेची आदराने नोंद घेतली. त्यातल्या कितीतरी जणींनी अरुणाला धडधाकट असताना पाहिलेलेही नव्हते.

घरात मोठे काही करायला नको. रात्रपाळी करून आलेल्या बाईला गरम जेवण मिळावे आणि दुपारी झोपू द्यावे. त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करावा, ‘दिवसा झोपते’ असे पाहुण्यांसमोर म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम हे संभाव्य कर्करोगकारक ठरवले आहे. म्हणजे ही झोप आळस नव्हे. नवऱ्यांना स्वयंपाक येत नसेल तर निदान भात तरी शिकावा. कुकर काही फार अवघड यंत्र नाही.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील परिचारिकांसाठी आणि नर्सिंग करणाऱ्या भावांसाठी विशेष प्रार्थना होईल. जे ड्युटीवर असतील त्यांची नावे घरच्यांनी शनिवारपर्यंत लिहून द्यावीत. ‘सिस्टर’ असे नको, पूर्ण नाव लिहा. वेदीवरून तेच वाचले जाईल. रात्रपाळी संपवून थेट मिस्साला येणाऱ्यांसाठी पंख्याखालचा मागचा बाक मोकळा ठेवला आहे. त्यांना डुलकी लागली तर कोणी उठवू नये. माझ्या प्रवचनात झोपणाऱ्या त्या काही एकट्या नसतात.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू