रेवडीवरची कुस्ती

मुळशीतल्या जत्रेचा आखाडा भर दुपारी भरतो. हलगी कडाडू लागते आणि सगळ्यांत आधी मातीत उतरतात ती बारकी पोरं. कुणी लंगोट लावलेला, कुणी शाळेच्या चड्डीवरच आलेला. पंच दोघांना समोरासमोर उभं करतो, उंची आणि अंगलट डोळ्यांनी जोखतो आणि हाताला हात लावून देतो. तू कोणत्या तालमीचा, तुझा वस्ताद कोण, असं तो विचारत नाही. आखाड्यात जो आला, त्याला जोड मिळते. दोन मिनिटांत एकाची पाठ लागते, पण रेवड्या बऱ्याच गावांत दोघांच्याही ओंजळीत पडतात. मग नारळावरच्या कुस्त्या, मग शे-पाचशेच्या आणि ऊन कलता कलता मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती.

गावाचा जीव त्या शेवटच्या कुस्तीत असतो, आणि त्याला कारणही आहे. मुळशीच्याच मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषदेचा पाया घातला. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा आजही मोहोळ घराण्याकडून दिली जाते. २०१७ साली हीच स्पर्धा भूगावला झाली, आणि २०२५ साली अहिल्यानगरच्या मैदानात ती गदा मुळशीच्याच पृथ्वीराज मोहोळने खांद्यावर घेतली. असा पैलवान घडवणाऱ्या तालुक्याची छाती फुगणारच. पण जो पोरगा आयुष्यात कधी गदेपर्यंत पोहोचणार नाही, त्याच्या वाट्याला आपण काय ठेवलं आहे, हे मला त्या गर्दीत उभं राहून दरवेळी विचारावंसं वाटतं.

शाळेत पाहा. पीटीचा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जातो. तालुका पातळीवरच्या कबड्डीसाठी संघ निवडायचा झाला की दरवर्षी तीच दांडगी सात-आठ पोरं पुढे येतात. उरलेला वर्ग दप्तरं सांभाळत भिंतीकडेला बसतो आणि टाळ्या वाजवतो. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा लाभही स्पर्धेत चमकणाऱ्यांनाच. ते गुण मिळावेत, त्यांनी घाम गाळलेला असतो. मात्र भिंतीकडेला बसलेल्या मुलाला पाचवी-सहावीतच कळून चुकतं की खेळ हे आपलं काम नव्हे. हा निकाल त्याला कुणी तोंडाने सांगत नाही, म्हणूनच तो त्याविरुद्ध दाद मागू शकत नाही.

शिक्षकाला दोष देऊन सुटका होणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं सांगितलं. पण सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक कायद्याने बंधनकारक केला तो शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेलाच. मुळशी धरणाच्या कडेच्या वाड्यावस्त्यांवर एवढा पट कुठून येणार? तिथे गुरुजी एकच, वर्ग तीन-चार. आणि मोठ्या गावातल्या हायस्कूलला एसटीने येणारी मुलं संध्याकाळच्या सरावाला थांबली, तर गाडी चुकते. तालुक्याच्या पूर्वेला म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. त्याच संकुलातल्या नेमबाजी केंद्रात सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. मात्र धरणाच्या वरच्या अंगाच्या वस्तीतल्या पोराला ते संकुल पॅरिसइतकंच लांब आहे.

पूर्वी त्याला संकुलाची गरजही नव्हती. भातकापणी झाली की खाचरं मोकळी व्हायची आणि पाऊस येईपर्यंत गावभर मैदानच मैदान असायचं. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यात आता खाचरांना प्लॉटिंगची कुंपणं आहेत. जमीन कुणी विकावी, हे मी सांगणार नाही. ज्याची त्याची गरज असते. पण बांधावरच्या मालकाबरोबर तिथे खेळणारी पोरंही बेदखल झाली, आणि त्यांचं नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नव्हतं.

रेवडीच्या कुस्तीचं एवढं कौतुक केलं, तरी तिच्यात एक मोठं उणं होतं. तिथे मुली नव्हत्या. महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती २०२३ साली, सांगलीत. प्रतीक्षा बागडी तिची पहिली मानकरी. आता जत्रांमधूनही मुलींच्या कुस्त्या लागू लागल्या आहेत, पण चौदा वर्षांची साधी मुलगी, जिला पैलवान व्हायचं नाही, नुसतं पळायचं आहे, ती संध्याकाळी कुठे जाणार? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वाढत्या वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी. संघटनेच्याच पाहणीनुसार २०१६ साली जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के आणि मुलांपैकी ७८ टक्के तेवढी हालचाल करत नव्हते.

चैत्रात जत्रा कमिटीची बैठक बसते, वर्गणीची वही उघडते आणि शेवटच्या कुस्तीचं इनाम पहिल्यांदा ठरतं. त्या इनामातला दहावा हिस्सा कमी केला, तर कोणताही पैलवान रुसून जाणार नाही, असा माझा विश्वास आहे. तेवढ्यात शाळेच्या मैदानावर दोन दिवे लागतील, चार चेंडू आणि एक जाळी येईल, आणि गावातल्याच एखाद्या जुन्या वस्तादाला वर्षभर मानधन देता येईल. अट एकच घालावी: संघ निवडायचा नाही, जो येईल त्याला जोड द्यायची. मुलींना वेगळी वेळ ठरवू नये. त्याच वेळी अर्धं मैदान त्यांचं.