विजन आणि बियाबान

साधकाने अटन-विजन करावे, हे आपल्या मार्गात कोणास नव्याने सांगावयास नको. परंतु विजनात नेमके काय टाकावयाचे असते, हा प्रश्न मला मुंबईजवळील मढ येथे असताना पडला. वेसाव्याहून नावेने खाडी ओलांडली की मढ. पुढे भूमी संपते. देशाच्या कडेला, अनोळखी ठिकाणी, वृक्षाखाली आयुष्य वेचावे असे सर्वज्ञांनी निरूपिले; ती कड येथे पायाखालीच येते. पहाटे ओहोटीच्या वाळूवर स्मरणास बसत असे. एके दिवशी एक गृहस्थ दंडवत घालून गेले. दुसऱ्या दिवशी त्या वेळी माझे कान त्यांच्या पावलांकडे लागलेले मला आढळले. स्थान निर्जन होते, चित्त मात्र वाट पाहत बसले होते.

तेव्हा नासिर खुसरो याच्या फारसी ‘सफरनामा’ची आठवण झाली. फारसीत वाळवंटास ‘बियाबान’ म्हणतात. त्याची फोड ‘आब’ म्हणजे पाणी, ते नसलेली जागा, अशी सांगतात. कवींनी या बियाबानास प्रेमाचे रूपक केले, मजनूला तेथे हिंडविले. पण रूपकातील वाळूने पाय भाजत नाहीत. नासिरचे भाजले. मर्व येथील हा राजसेवक एका स्वप्नाने जागा होऊन १०४६ मध्ये प्रवासास निघाला आणि १०५१ मध्ये मक्केहून परतताना अरबस्तानातील फलज या ओसाड वस्तीत चार महिने अडकला. जवळ ग्रंथांच्या दोन पेट्या; तेथील भुकेल्या लोकांना ग्रंथांचे मोल शून्य. विद्येचा मान प्रथमच गळून पडला. पुढे त्याने जवळच्या हिंगुळाने व निळीने मशिदीच्या भिंतीवर पद्य लिहून वेलबुट्टी काढली. लोक थक्क झाले; मिहराब रंगविल्यास शंभर मण खजूर देऊ म्हणाले. त्याने तो रंगविला. याच लोकांनी पाचशे मण मागणाऱ्या सैन्याला दहा माणसे मेली तरी दहा मणही दिले नव्हते!

मला येथे थांबावेसे वाटते. भूक खरी होती, म्हणून त्यास दोष देववत नाही. तरीही बियाबानातसुद्धा कौतुकाचे एक दार उघडले, आणि त्यातूनच अन्न आले. आपल्या भिक्षेत हेच भय आहे. ओळखीच्या घरी मिळालेला घास मानाचा की भिक्षेचा, हे घेणाऱ्यासही कळत नाही.

बसऱ्यास पोहोचल्यावर अंगावर चिंध्या पाहून स्नानगृहवाल्याने त्यास वेडा समजून हाकलले, पोरांनी दगड मारले. एका वजिराच्या साहाय्याने वस्त्रे मिळाली, तेव्हा त्याच स्नानगृहात सारे उठून उभे राहिले. हे सारे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्यात मला त्याचा मोठेपणा वाटतो. आपले हसे सांगण्यास धैर्य लागते.

लीळाचरित्रातील एकांक या दृष्टीने पुन्हा वाचावा. तेथे सर्वज्ञ एकटे हिंडतात, आणि ओरंगळास लाभलेला संसार व वैभव मागे टाकून निघतात. जेथे ओळख जमली, तेथून पाऊल उचलणे हेच त्या अटनाचे स्वरूप दिसते.

मढास मीही बसण्याची जागा बदलली, वस्तीपासून दूर खडकांकडे गेलो. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ तेथेही आले. हाती दुधाचा तांब्या होता. मी तो घेतला.