नकळत घडलेल्याचं ऋण

मनात नसताना आपल्या हातून घडलेली हिंसा आपल्या माथी येते का? बौद्ध विचारात चेतना हेच कर्म. हेतू नसेल तर दोष नाही. जैन विचार इतक्या सहज सोडत नाही. तिथे बेसावध पाऊलही दोषाचं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला सांडपाण्यापाशी छळतो.

रजोनिवृत्तीनंतर मी डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या. यकृत हे संप्रेरक निष्क्रिय करून लघवीवाटे बाहेर टाकतं. पण मैलापाण्यातले ई. कोलायसारखे जीवाणू यकृताने जोडलेला ग्लुकुरोनाइडचा तुकडा तोडतात आणि ते पुन्हा जागं होतं. गोळी न घेणाऱ्या बाया, पुरुष, गाईम्हशी यांच्याही मूत्रात इस्ट्रोजेन असतंच. यातून सुटलेलं कुणी नाही.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २६० क्रमांकाच्या तळ्यात कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलइस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो या छोट्या माशांच्या नरांत अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि तळ्यातून ती जात जवळजवळ संपली. मैलापाण्यातून असं घडलं तर गोळी घेणाऱ्या बाईला त्याचा दोष देणं अन्यायाचं आहे. पण मासे संपले, हेही खरं.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातल्या हिंसेच्या पाच जागा सांगितल्या आहेत : चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तिथे नकळत जीव मरतात, म्हणून रोज पाच यज्ञांनी फेड करायची. माणसाला माणसापासून तोडणारा हा ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला, ते योग्यच झालं. तरी जगण्यातली हिंसा ओळखून तिची रोज फेड करावी, एवढी जाणीव मी त्यातून उचलते. आणि त्या पाच जागांत मोरी-संडासाची भर घालते.

फेडीची एक वाट माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर आहे. दोन काचेचे कप्पे, मध्ये पातळ पडदा. हवा नसलेल्या कप्प्यात कार्बनच्या नमद्यावर जीवाणूंचा लालसर बुळबुळीत थर चढतो. जिओबॅक्टरसारखे हे जीवाणू मैल्यातलं सेंद्रिय द्रव्य खातात आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन नमद्याला देतात. तारेतून ते पलीकडे जातात. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. पलीकडच्या कप्प्यात ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड करवून घेता येतं. लोहाच्या साथीने त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक इस्ट्रोजेनचा रेणू फोडतात. प्रयोगशाळांत हे साधलं आहे. शहरभराच्या मैलापाण्यासाठी अजून बरंच काम बाकी आहे.

जीवाणू पोटासाठी राबतात. आपलं प्रायश्चित्त ते करत नाहीत, आणि गटारात उतरणाऱ्या माणसावरही ते ढकलता येत नाही. माझ्या मते हेतू नसताना घडलेल्याचं पाप लागत नाही. पण कळल्यावर ऋण लागतं, आणि ते ज्याचं त्यानेच फेडायचं असतं. उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नका. आपल्या गावचं मैलापाणी कुठे जातं, त्यावर प्रक्रिया होते का, हे नगरपालिकेला विचारा. आणि त्यासाठी कर वाढला तर तो आनंदाने भरा.