कितीला घेतला?

बकरी ईदच्या आधीचे आठ दिवस आमच्या मोहल्ल्यात एकच प्रश्न फिरत असतो, ‘कितीला घेतला?’ दारात बकरा बांधला की येणारा-जाणारा थांबतो, दात पाहतो, पाठीवर हात फिरवतो आणि किंमत विचारतो. यात वाईट काही नाही. पण उत्तर ऐकून आपल्या मनात काय होते, ते ज्याने त्याने तपासून पाहावे.

मी माझेच सांगतो. थोरले भाई आणि मी बकरा घ्यायला नेहमी बरोबर जायचो. एका वर्षी माझ्या हातात चार पैसे जास्त होते. भाईंचा सौदा झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्याहून भारी बकरा घेतला. पोरांनी तो गल्लीभर मिरवला. पुढच्या वर्षी भाई एकटेच बाजारात गेले आणि माझ्यापेक्षा मोठा बकरा घेऊन आले. मला राग आला. त्यासाठी त्यांनी उसने पैसे घेतले होते, हे भाभींकडून नंतर कळले. ऐपत नसलेल्याने कर्ज काढून कुर्बानी करावी, असे आपला धर्म सांगत नाही. ते कर्ज मी त्यांना काढायला लावले होते.

अल्लाहपर्यंत मांस नव्हे, तकवा पोहोचतो, हे आपण दर ईदला बयानात ऐकतो. तरी नजर शेजारच्या दावणीवरच असते. सूरह तकासुर अवघ्या आठ आयतींची, पुष्कळांना तोंडपाठ. अधिकाच्या चढाओढीत माणूस कबरीपर्यंत गुंतून राहतो, हाच तिचा विषय. ही चढाओढ मध्येच का संपत नाही? कारण तिचे माप आपल्या हातात नसते, ते दुसऱ्याच्या घरात असते. त्याचे वाढले की आपले आपोआप कमी होते. जे काल पुरेसे होते, त्यातली बरकत आज निघून जाते.

मग स्पर्धाच नको का? तसे नाही. भलाईच्या कामात एकमेकांच्या पुढे जा, असे कुरआनच सांगतो. पण कुर्बानीही भलाईचेच काम होते ना! म्हणजे फरक कामात नाही, नीयतीत आहे. कसोटी सोपी आहे: दुसऱ्याने माझ्याहून चांगले केले तर मला आनंद होईल का?

ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारचा मुताज बरशिम आणि इटलीचा जियानमार्को ताम्बेरी, दोघांनी 2.37 मीटर उंच उडी मारली. पुढची उंची दोघांनाही जमली नाही. आणखी उड्या मारून एक विजेता ठरवता आला असता. बरशिमने विचारले, दोन सुवर्णपदके देता येतील का? ती मिळाली. दोघे जीव तोडून खेळले होते, कमी कुणीच पडले नव्हते. उंची आडव्या काठीने मोजायची असते, सोबत्याच्या डोक्याने नव्हे.

मी भाईंची माफी मागितली. ‘जाऊ दे रे,’ म्हणून ते हसले. त्यांचे कर्जही फिटले. पण बाजारात ते अजून एकटेच जातात. ‘चल’ असे त्यांनी मला पुन्हा म्हटलेले नाही. तो बकरा मला कितीला पडला, हे आता कुणी विचारले तर माझ्याकडे उत्तर आहे.