भांडं कोण देणार?

ही गोष्ट घरातली आहे. ती बाहेर काढायची नाही असं विहारातल्या बैठकीत ठरलं होतं. मी त्या ठरावाला हात वर केला नव्हता, म्हणून लिहितो.

सुदुंबऱ्याच्या आपल्या वस्तीतली एक सून बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात गेली. कुठला दवाखाना ते मुद्दाम सांगत नाही. बाळंत झाली, टाके पडले, उठवत नव्हतं. रात्री दोनच्या सुमारास तिला भांडं पाहिजे होतं. सिस्टरला हाक मारली. सिस्टर म्हणाली, मावशी येईल. मावशी दुसऱ्या वॉर्डात. पुन्हा हाक मारली तर उत्तर आलं, ते माझं काम नाही, एकदा सांगितलं ना. मग अंथरुणातच झालं. तेव्हा मात्र सिस्टर आली, आणि काय बोलली ते बाईच्या सासूनं विहारात सगळ्यांसमोर सांगितलं : ढोरासारखं करून ठेवलंस, कुठल्या वस्तीतून येता गं तुम्ही?

ती सिस्टर आपलीच पोरगी. पलीकडच्या गावची, पण आपल्याच समाजाची. बाप हमालीला जायचा. तिच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आपल्याच पोरांनी जयंतीच्या वर्गणीतून पैसे उरवले होते. पांढरा ड्रेस घालून ती पहिल्यांदा वस्तीत आली तेव्हा म्हाताऱ्या बायांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

बैठकीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, आपल्याच पोरीविरुद्ध तक्रार करायची? सवर्ण सिस्टर असती तर वेगळी गोष्ट. तिथं पैसे खाणारे, औषधं विकणारे मोकळे हिंडतात आणि आपण आपल्या लेकरावर उठायचं? दुसरा म्हणे, तिनं समाजाचं नाव घालवलं, तिला धडा शिकवा. मला दोघांचंही पटलं नाही. दोघेही त्या ओल्या अंथरुणाबद्दल बोलतच नव्हते. दोघांनाही इज्जत दिसत होती, एकाला पोरीची, दुसऱ्याला समाजाची. ज्या बाईनं ती रात्र काढली, ती घरी होती. तिला बैठकीला कुणी बोलावलंही नव्हतं.

इथं बाबासाहेबांनी सांगितलेली एक हकिगत आठवते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचं पत्र दिलं आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. मास्तराची बायको बाळंतीण, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेटनं दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला, तेही बाळंतिणीला वस्तीबाहेर आणा या अटीवर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, मुसलमानानं मास्तराच्या हातात, मास्तरानं बायकोला लावलं आणि त्याच वाटेनं ते परत गेलं. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात बघितलं आणि सांगितलं, न्यूमोनिया. पुन्हा काही तो आला नाही. बाई मेली.

त्या डॉक्टरची पदवी खोटी नव्हती. निदानही बहुतेक चुकलं नसेल. फी घेतली, औषध दिलं. आजच्या भाषेत कागदावर सगळं रीतसर. फक्त हात लावला नाही. आणि एवढ्यावरच तो माणूस म्हणूनही संपला आणि डॉक्टर म्हणूनही.

आता आपल्या सरकारी वॉर्डाकडं बघा. तिथं थर्मामीटर आता हातोहात फिरत नाही, ते खरं. भांडं मात्र फिरतं. डॉक्टर सिस्टरला सांगणार, सिस्टर मावशीला, मावशी सफाईवाल्याला. इंजेक्शन वरच्या पायरीवर, लघवीचं भांडं खालच्या. जितकं शरीराच्या घाणीजवळ जावं तितका पगार कमी, तितकी नोकरी कच्ची. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर आडनावं वाचत गेलात तर ती ओळखीची निघतात. गंमत म्हणजे तिथंच नाती जोडतात. डॉक्टरला कुणी काका म्हणत नाही. पण घाण काढणारी ती मावशी आणि स्ट्रेचर ढकलणारा तो मामा! नाव विचारायची गरजच उरत नाही. गावात आपल्या आज्यांना असंच गोड बोलून ढोरं ओढायला लावली.

या देशात नर्सिंगला चांगल्या घरच्या पोरी का येत नव्हत्या? परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू-विष्ठा काढायची, म्हणजे बाटायचं. म्हणून आधी ख्रिस्ती बाया आल्या, विधवा आल्या, मग आपल्या पोरी आल्या. हा धंदाच मुळी विटाळाच्या विरुद्ध उभा आहे. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात गेल्या, त्याच प्लेगनं १० मार्चला गेल्या. त्यांच्याकडं कुठल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नव्हतं. आणि आपल्या पोरीनं, जिच्याकडं रजिस्ट्रेशन आहे, सगळ्यात आधी काय शिकून घेतलं? ते माझं काम नाही. म्हणजे शिडी चढलो की खालच्या पायरीला विटाळ मानायचा. हे तिनं कॉलेजच्या पुस्तकातून नाही घेतलं. वॉर्डातून घेतलं. पण घेतलं.

देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धाची मूर्ती बसवली. आपण दर वर्षी टेम्पो करून तिथं जातो. मूर्तीपुढं मेणबत्ती लावतो. त्या बुद्धाची एक गोष्ट विनयपिटकात आहे आणि बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये घेतली आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्धानं विचारलं, तुझी देखभाल कोण करतं? कुणी नाही. का नाही? कारण मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धानं आनंदला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदनं धुतलं. एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवलं. बघा, मावशीला हाक मारली नाही. मग भिक्खूंना जमवून सांगितलं, इथं तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार?

पुढं विनयात चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणं दिली आहेत. औषध तयार करता यावं. काय चालतं, काय चालत नाही ते कळावं. मायेनं करावं, लाभासाठी नाही. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलायची किळस नसावी. आजाऱ्याला धीराच्या चार गोष्टी सांगता याव्यात. नाइटिंगेलच्या नावाची शपथ अमेरिकेत १८९३ मध्ये तयार झाली, आपल्या पोरी दिवे लावून ती घेतात, घ्यावी. पण किळस नसावी हे कलम आपल्याकडं दोन हजारांवर वर्षांपासून पडलेलं आहे, आणि त्याला जातीच्या देशात काय किंमत आहे ते आपल्याला कळलं पाहिजे.

आता पहिल्या तटाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण त्यांचं भय खोटं नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, काही बदल्या झाल्या. कंत्राटी परिचारिकांना मात्र सरळ काढून टाकलं, आणि पोलिसांत गुन्हा नोंदला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली, त्या दिवशी अकरा माणसं गेली. अटक कुणाला? एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. वायरिंग त्यांनी केलं नव्हतं. इमारतीवर सही त्यांची नव्हती.

तर गुन्हा पायऱ्या उतरत उतरत खाली येतो, भांड्यासारखाच. हे ज्याला दिसत नाही त्यानं नीतीवर बोलू नये.

पण यातून आपली पोरं जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. ते म्हणतात, व्यवस्थाच दोषी आहे, मग सिस्टरला काय विचारायचं? अरे, व्यवस्था रात्री दोन वाजता वॉर्डात नव्हती. सिस्टर होती. भंडाऱ्यात किंवा नगरला कोण आत होतं, कोण नव्हतं, कुणी धावलं, ते कोर्ट बघेल. मी आगीबद्दल बोलत नाही. आग एका बाईच्या हातची नसते. भांडं देणं हातचं असतं. नसेल वेळ, दहा मिनिटं उशीर होईल, समजू शकतो. पण वस्ती काढायला कोणती व्यवस्था सांगत होती? वेळ कमी असला तर हात अपुरा पडतो, जीभ लांब होत नाही.

केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारी बाईला नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत सांभाळलं. त्याच हॉस्पिटलात एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला होता, ती कधी शुद्धीवर आली नाही. एवढी वर्षं खाटेवर आणि अंगाला चट्टे पडू दिले नाहीत. बेचाळीस वर्षांत किती सिस्टर बदलल्या असतील. त्याही याच व्यवस्थेत होत्या, त्यांच्यावरही वॉर्ड भरलेलेच होते.

मी त्या पोरीला भेटायला गेलो. ती आधी बोलेना. मग रडली, मग चिडली. म्हणाली, दादा, त्या रात्री मी एकटी, खाटा छत्तीस, दोन बाया खाली सतरंजीवर. कंत्राट मार्चला संपतंय. मागच्या महिन्यात भांडं मी स्वतः दिलं तर हेडसिस्टर म्हणाली, तुला सवयच असेल. सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून भांड्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

हे ऐकून मी गप्प बसलो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक परिचारिका असं आहे आणि इथं छत्तीस अधिक दोन. ते एक. आणि तुला सवयच असेल, हे दुसरं. पहिल्याचा इलाज मोर्चानं होईल. दुसऱ्यानं त्या पोरीचं काय केलं ते नीट बघा. तिला जातीवरून हिणवलं, आणि त्याचा सूड तिनं घेतला कुणावर? हेडसिस्टरवर नाही. खाली पडलेल्या बाईवर. तेच वाक्य, थोडं फिरवून.

मी तिला विचारलं, ती बाई कोण ते माहीत आहे का? सांगितलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

आपल्या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. जातीनं तेली, पण त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून ठेवले असं सगळं गाव सांगतं. लिहून ठेवल्याची किंमत या गावाला शिकवायची गरज नाही. म्हणून मी तक्रार लिहायची म्हणालो. बैठकीनं नको म्हटलं तरी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेला रजिस्टरातून नाव कमी करण्याचा अधिकार आहे, पण तेवढं मागायचं नाही असं सुनेनंच सांगितलं. तिला विचारायला शेवटी आम्ही गेलो ना. ती म्हणाली, तिची नोकरी घालवू नका, पण जे झालं ते झालं नाही असंही म्हणू नका.

तर दोन अर्ज झाले. एक सुनेचा, त्या रात्रीचा, जसं घडलं तसं, सिस्टरच्या नावासकट. दुसरा सिस्टरचा, स्वतःच्या सहीनं : खाटा किती, माणसं किती, आणि हेडसिस्टर काय बोलली. दुसऱ्या अर्जावर सही करताना तिचा हात थांबला होता, कंत्राट मार्चला संपतंय. तरी केली. पहिला अर्ज वाचून तिनं त्यात एक शब्द दुरुस्त केला. सुनेनं 'थोडा उशीर' लिहिलं होतं. तिनं ते खोडून 'पाऊण तास' लिहिलं.

दोन्ही अर्ज सोमवारी दिले. पोच घेतली आहे. मावशीचा अर्ज राहिला. ती रात्री तीन वॉर्ड करते आणि तिचा ठेकेदार कोण ते दवाखान्यात कुणालाच नीट सांगता आलं नाही. ज्यांना येता येईल त्यांनी येत्या रविवारी विहारात यावं. मावशीला बोलावलं आहे. तिचं नावही विचारून ठेवलं आहे.