मध्येच आलेला माणूस

वाचन : मार्क ५:२१-४३

हे मनन पहाटेची लोकल पकडण्याआधी करा किंवा रात्री सगळी आवराआवर झाल्यावर. बायबल उघडून जवळ ठेवा. एकेक भाग वाचून झाला की डोळे मिटून थोडं थांबा. मध्येच कुणाची हाक आली तर उठून जा आणि परत येऊन पुढचं वाचा. आजच्या मननात ती हाकही धरलेली आहे.

१. बसा

श्वास सावकाश आत घ्या, सावकाश सोडा. बदलापूर गावातल्या तुमच्या घरी आत्ता काय काय ऐकू येतंय? स्टेशनकडे निघालेली रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी, पावसाळा असेल तर पागोळ्या. हे आवाज घालवू नका. त्यांच्यासकट प्रभूसमोर बसा.

आता कालचा दिवस आठवा. हातात काम असताना कोण आलं? डबा भरताना फोन आला असेल. दार ओढून घेताना आतून आजारी सासऱ्यांनी हाक मारली असेल. प्रार्थनेला बसल्यावर मंडळीतलं कुणी आपली अडचण घेऊन उभं राहिलं असेल. त्यातलं एकच माणूस निवडा. त्याला पाहताच तुमच्या कपाळावर आठी पडली का? स्वतःला दोष देऊ नका. फक्त पाहा.

थांबा.

२. गर्दीत उभे राहा

येशू नुकताच होडीतून उतरला आहे. किनाऱ्यावरच लोक जमले आहेत. तेवढ्यात सभास्थानाचा अधिकारी याईर त्याच्या पायांशी पडतो. त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे. येशू निघतो. रस्ता अरुंद, लोटालोट, प्रत्येक क्षण मोलाचा.

आणि येशू थांबतो. आपल्याला कुणी स्पर्श केला, असं विचारतो. शिष्यांना हा प्रश्नच विचित्र वाटतो, कारण सगळेच त्याला खेटून चालले आहेत. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली, गर्दीत त्याच्या वस्त्राला हात लावलेली एक स्त्री थरथरत पुढे येते आणि त्याला सगळं खरं सांगते. बारा वर्षांचं दुखणं, वैद्यांवर संपलेला पैसा. ते सांगायला वेळ लागला असणार. येशू ऐकत राहतो.

इथे नीट लक्ष द्या. ती बरी झाली होती ती वस्त्राला हात लागला तेव्हाच. मग येशू थांबला कशासाठी? तो तसाच पुढे गेला असता, तर ती बरी होऊन, पण तोंड लपवूनच घरी गेली असती. त्याने तिला सगळ्यांदेखत मुलगी म्हटलं. तिचा आजार गेला होता. आता तिला माणसांत जागा मिळाली. काम उरकणाऱ्याला ही जागा देता येत नाही. त्यासाठी थांबावंच लागतं.

थांबा. काल आलेल्या त्या माणसाला तुमच्याकडून नक्की काय हवं होतं?

३. याईराशेजारी उभे राहा

एकासाठी थांबलं की दुसरा खोळंबतो. याईर गप्प उभा आहे. येशू अजून बोलतोच आहे आणि घरून निरोप येतो की मुलगी गेली. या बापाचं दुःख घाईने ओलांडू नका. आपल्या थांबण्याची किंमत कधी कधी आपलंच जवळचं माणूस मोजतं.

येशू त्याला भिऊ नको म्हणतो आणि त्याच्यासोबत घरापर्यंत जातो. मुलीचा हात धरतो, तिला उठवतो आणि तिला खायला द्या असं सांगतो. ती बारा वर्षांची आहे. तिचा जन्म आणि त्या स्त्रीचं दुखणं एकाच सुमाराचं. रस्त्यातला खोळंबा आणि घरातलं संकट, दोन्हींना त्याच्यापाशी पुरेसा वेळ होता.

थांबा.

४. आपल्या भूमीत

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं गेलं. त्यांत नऊ गर्भवती होत्या. बचाव पथकं आली, तशी आसपासची माणसंही धावली. त्या शनिवारी त्यांची स्वतःची कामं होतीच, आणि पाऊस त्यांच्याही घरांवर कोसळत होता.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८९ साली त्यांनी शारदा सदन सुरू केलं ते बालविधवांना शिकवण्यासाठी. त्याला उत्पन्नाचा आधार व्हावा म्हणून केडगावला जमीन घेतली. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढे तिथेच, शेकडो जणींच्या गलबल्यात, त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पुरं केलं. सेवेने त्यांचा अभ्यास बुडवला नाही. त्या ज्यांच्यासाठी लिहीत होत्या त्या बायका डोळ्यांसमोर वावरत होत्या.

थांबा. तुमची ठरवून ठेवलेली कोणती जागा, कोणता वेळ देव वेगळ्या कामासाठी मागतो आहे?

५. पारख

प्रत्येक हाकेला होकार द्यायचा, असा याचा अर्थ नाही. मार्कच्याच पहिल्या अध्यायात येशू पहाटे एकांतात प्रार्थना करत असतो. सगळे तुला शोधताहेत, असं शिमोन सांगतो, तरी येशू पुढच्या गावांना जायला निघतो. नकार देतानाही माणसाकडे नीट पाहता येतं आणि पुन्हा कधी भेटू हे सांगता येतं.

घरातही पाहा. बेल वाजली, पाणी आलं, मूल रडलं की नेहमी कोण उठतं? बहुतेक घरांत ती एकच बाई असते. तिने आणखी सोसावं, असं हे मनन सांगत नाही. उद्या तिच्याआधी तुम्ही उठा, म्हणजे तिलाही बसून प्रार्थना करता येईल.

६. प्रार्थना

प्रभू येशू, तू वाटेत थांबलास आणि याईराचा हातही सोडला नाहीस. माझा उद्याचा दिवस मी आखला आहे. तो तुझ्या हाती देतो. त्यात जो मध्येच येईल, त्याला आधी माणूस म्हणून पाहायला मला शिकव. जिथे थांबायचं तिथे मन लावून थांबू दे, जिथे निघायचं तिथे प्रेमाने निघू दे. आणि माझ्यामुळे जे खोळंबतील, त्यांच्यासोबत तू चाल. आमेन.